आधी खुंटा हातात द्या

"आजी, एखादी ओवी म्हण ना," असं म्हणत मोबाइल तोंडासमोर धरला की ऐंशीच्या घरातल्या बाईकडून बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, "आता कुठं आठवतंय बाई." त्यात खोटं काही नसतं, आणि तो नुसता लाजण्याचाही भाग नसतो. जात्यावरची ओवी म्हणून दाखवायची गोष्टच नव्हती. पहाटे, घरातली पुरुषमाणसं उठायच्या आत, दळताना ती यायची. हात फिरतोय तोवर एकीतून दुसरी निघायची, आणि दळण सरलं की ओवीही सरायची. खुर्चीत बसवून विचारलं तर दोनचार आठवतात, त्यासुद्धा अर्ध्यावर तुटलेल्या. त्याच बाईच्या हातात जात्याचा खुंटा द्या आणि मग बघा.

म्हणून आजीच्या ओव्या उतरवून घ्यायच्या असतील तर माइक कुठला घ्यावा हा नंतरचा प्रश्न. आधी जातं शोधा.

ते बहुतेक माळ्यावर, गोठ्यात किंवा परसात उलथं पडलेलं असतं. (काही जाती हल्ली 'गावरान' हॉटेलांच्या दारात कुंडी ठेवायला लागतात. त्यांचं दुःख वेगळं.) जात्याचे भाग मोजकेच: खालची तळी, वरची पाळू, तळीच्या मधोमध उभा खिळा, पाळूच्या तोंडात त्या खिळ्यावर बसणारी आडवी पट्टी, जिला बऱ्याच ठिकाणी माकडी म्हणतात, आणि काठाजवळच्या भोकात ठोकलेला लाकडी खुंटा. नावं गावागणिक बदलतात. आजी जे म्हणेल ते लिहून घ्या, तिला दुरुस्त करू नका.

बंद पडलेलं जातं थेट फिरवायला घेऊ नये. दोन्ही दगड ताठ ब्रशने घासून धुवायचे आणि दोन दिवस कडक उन्हात, तोंडं वर करून, वाळवायचे. ओल राहिली तर पीठ खाचांत चिकटून बसतं, पाळू जड होते आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. मग मूठ-दोन मूठ जाडे तांदूळ भरडून ते पीठ फेकून द्यायचं. पहिलं पीठ राखाडी निघतं, कारण त्यात दगडाची कच असते. पीठ पांढरं स्वच्छ दिसेपर्यंत, साधारण तीन वेळा, हेच करायचं. चिमूटभर पीठ दाताखाली धरून पाहा. कचकच लागली तर अजून एकदा. दगडाचं तोंड हाताला गुळगुळीत लागत असेल तर मात्र टाकी लावल्याशिवाय, म्हणजे छिन्नीने खाचा पाडून घेतल्याशिवाय, दळण उतरणार नाही, धान्य नुसतं चेपून बाहेर येईल. पूर्वी टाकी लावणारे दारावर यायचे. आता पाटे-वरवंटे विकणाऱ्यांकडे चौकशी करावी लागते. टाकी लावल्यावर कच जास्त निघते, तेव्हा तीनाच्या जागी पाचसहा वेळा तांदूळ भरडा.

खुंट्याकडे विशेष लक्ष द्या. लाकूड वर्षानुवर्षं सुकलं की खुंटा भोकात सैल होतो आणि प्रत्येक फेऱ्याला 'टक्' वाजतो. दळताना त्याचं काही वाटत नाही. रेकॉर्डिंग ऐकताना मात्र तो टक् दर ओळीत टोचतो, आणि नंतर काढताही येत नाही. सुती चिंधी गुंडाळून खुंटा घट्ट ठोकला की काम भागतं.

आता दळायचं काय? रिकामं जातं फिरवू नका. दगडावर दगड घासून कर्कश आवाज येतो, टाकी झिजते, आणि मुख्य म्हणजे म्हणणाऱ्या बाईला ते खोटं वाटतं. रिकामं जातं फिरवणं तिच्या लेखी जात्याचे हाल आहेत. कच्चे गहूही नकोत. ते चिवट असतात, हात भरून येतो. भाजलेलं धान्य लवकर फुटतं, जातं हलकं चालतं. त्यासाठी मेतकुटासारखी वस्तू नाही. हरभऱ्याची डाळ दोन वाट्या, तांदूळ एक वाटी, उडदाची डाळ अर्धी वाटी आणि गहू पाव वाटी. सगळं वेगवेगळं, मंद आचेवर, कोरडं भाजायचं. एकत्र भाजलं तर उडीद डाळ करपते तेव्हा हरभरा डाळ कच्चीच असते. डाळी बदामी झाल्या, तांदूळ फुलायला लागले की उतरवायचे. दोन चमचे धणे, एक चमचा जिरे, अर्धा चमचा मोहरी आणि पाव चमचा मेथी त्याच गरम कढईत परतून घ्यायची. मेथी लाल झाली की कडू होते, ती सगळ्यात शेवटी. हळद, हिंग आणि सुंठपूड पीठ झाल्यावर मिसळायची, कारण हळद जात्यात गेली तर पुढचं प्रत्येक पीठ पिवळं निघतं. हे सगळं मिळून अर्ध्या किलोच्या आसपास भरतं. पाऊण तासाच्या रेकॉर्डिंगला एवढं पुरतं, उरलं तर बिघडत नाही. पीठ मैद्यासारखं उतरणार नाही. चाळून वरचा चाळ मिक्सरमधून काढा, कोणी बघत नाही. मऊ भात, वर तूप आणि हे मेतकूट ही त्या दिवशीची न्याहारी. ती ठरलेली असली की आजी रेकॉर्डिंगला बसत नाही, दळायला बसते. फरक तिथेच पडतो.

मेतकूट एका भागातलं झालं. देशावरच्या घरात जोंधळे चांगले, कोकणात नाचणी. जे ती आयुष्यभर दळत आली तेच घ्या. जोंधळे कच्चे असले तरी गव्हापेक्षा बरे चालतात.

ऐंशीच्या बाईने एकटीने जातं ओढावं अशी अपेक्षा नको. समोर दुसरी बाई बसवा. लेक, सून, नात, शेजारीण, कोणीही. दोघींनी एकाच खुंट्याला हात लावायचा, जोर समोरचीने द्यायचा, आजीने हात नुसता फिरू द्यायचा आणि डाव्या हाताने वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात मुठीने धान्य, घालायची. वैरण जास्त पडली की पाळू उचलली जाऊन पीठ जाडं येतं. कमी पडली की दगड घासतो आणि आवाज चिरका होतो. जुन्या बायका मूठ बघून घालत नाहीत, आवाजावरून घालतात. समोर बसणारीला सांगून ठेवा की आजी थांबली तर तिनेही थांबायचं, पण आजी गाताना वेग वाढवायचा नाही. तरुण हात जोर लावून भराभरा फिरवतात, मग ओवी धावायला लागते आणि श्वास तुटतो. गुडघे दुमडत नसतील तर एक पाय लांब सोडून बसू द्या. पुष्कळ जणी दळताना तशाच बसत. मुळीच खाली बसता येत नसेल तर लहान जातं भक्कम बुटक्या टेबलावर, खाली गोणपाट घालून ठेवता येतं. तेही नाही जमलं तर हातात सूप द्या, पाखडू दे. सुपाची लय वेगळी असते, ओव्या कमी निघतात, पण कोऱ्या खुर्चीपेक्षा पुष्कळ बरं. पणतवंड मांडीवर दिलं तर पाळण्याच्या ओव्या आपसूक सुरू होतात.

आता मोबाइल. वेगळा माइक असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही. पण चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमध्ये रेकॉर्ड करू नका. तिथे आवाज फार दाबला जातो. रेकॉर्डरचं साधं ॲप घ्या आणि सेटिंगमध्ये फाइलचा प्रकार वेव्ह (WAV) ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो असेल तर मिनिटाला साधारण ५ एमबी, म्हणजे तासाला ३२० एमबीच्या आत काम होतं. एवढी जागा आधी मोकळी करून ठेवा. आवाज स्वच्छ करण्याची म्हणून जी सोय ॲपमध्ये असते ती बंद करा. इथे बहुतेक जण फसतात. ती सोय सतत चालणारी घरघर म्हणजे नको असलेला आवाज, असं समजते. जात्याची घरघर कापायला जाते आणि तिच्याबरोबर ओळीच्या शेवटी विरत जाणारा आजीचा सूरही कापते. ऐकताना वाटतं, आजीचा आवाज गेला. आवाज गेलेला नसतो, ॲपने खाल्लेला असतो. फोन एरोप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन भरात कर्जाच्या योजनेचा फोन येतो.

फोन ठेवायचा कुठे? जातं आहे त्या जमिनीवर तर नाहीच. फरशीतून थरथर थेट फोनमध्ये जाते. आजीच्या डाव्या बाजूला खुर्ची, खुर्चीवर चौघडी गोधडी, तिच्यावर फोन, माइकचं भोक आजीच्या तोंडाकडे, अंतर सव्वा-दीड वीत. बऱ्याच फोनचा माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाजवळ असतो. उलटा ठेवला तर तो भिंत रेकॉर्ड करतो. दुसरा फोन असेल तर तो जात्यापासून हातभर लांब, कोपऱ्यात ठेवा. दोन्ही सुरू केल्यावर एकदा जोरात टाळी वाजवा. नंतर दोन्ही फाइली जुळवायला ती टाळी उपयोगी पडते. जात्याचा आवाज नको, फक्त गाणं हवं, असं काहींना वाटतं. मला हे पटत नाही. जातं काढलं तर ओवीचा ताल काढला, मग उरतात नुसते शब्द. जातं ऐकू यायलाच हवं, फक्त मागे.

खोली लहान आणि सामानाने भरलेली असावी. नवीन टाइल्सचा रिकामा हॉल सगळ्यात वाईट, आवाज घुमतो. तोच पर्याय असेल तर भिंतीला दोन गाद्या उभ्या करा, दारावर गोधडी टाका. पंखा बंद. फ्रीज बंद, कारण त्याची घरघर जात्यात मिसळली की वेगळी करता येत नाही. फ्रीज बंद करताना घराची किल्ली आत ठेवून द्या, म्हणजे निघताना तो परत सुरू करायचं विसरत नाही. वेळ सकाळची, पण कुकरच्या आधीची.

आणि माणसं कमी. हे यंत्रापेक्षा महत्त्वाचं. मुलगा हौसेने दाराशी उभा राहिला की आजी देवाच्या ओव्यांपुढे सरकत नाही. जात्यापाशी पुरुष नसायचे. तिथे सासूबद्दल, नणंदेबद्दल, न विचारता ठरवलेल्या लग्नाबद्दल बोलता यायचं ते त्यामुळेच. फोन सुरू करून द्या आणि पुरुषमंडळींनी चहा घ्यायला जावं.

सुरुवात कशी करायची, याचाही रिवाज आहे. 'पहिली माझी ओवी' म्हणून देवाला, मग दुसरी, तिसरी अशी मोजत जायची पद्धत पुष्कळ भागांत होती. तीच वाट धरा. "पहिली ओवी कुणाला घालायचात?" एवढा प्रश्न पुरतो. देव झाले की माहेर विचारा: आई, मग भाऊ. भावाच्या ओव्यांचा साठा सहसा सगळ्यात मोठा असतो, आणि त्या म्हणताना बायका खुलतात. मग लेकरं. सीतेचा वनवास, पंढरीची वाट, आणि कितीतरी घरांत बाबासाहेबांच्या ओव्या. हे सगळं विचारल्यावर येतं, पण विषयाचं नाव घेऊन. "अजून म्हणा" म्हटलं तर येत नाही. सासुरवासाच्या ओव्या शेवटी ठेवा, आणि समोर खुंट्याला सून बसली असेल तर त्या दिवशी ठेवूच नका. दोघींची पंचाईत होते. लग्नातला घाणा, हळदीची गाणी, भोंडला हे वेगळ्या दिवसासाठी राखून ठेवा. त्यांची चाल मध्ये घुसली की ओवीची चाल परत सापडायला वेळ लागतो.

ओवी संपली की लगेच "वा!" म्हणू नका, टाळ्याही नकोत. मनात पाचपर्यंत मोजा. त्या पाच अंकांत पुष्कळदा पुढची ओवी येते. आठवता आठवता आजी अडखळली तर ओळ तुम्ही पुरी करू नका, तुम्हाला येत असली तरी. तुमची ओळ कुठल्या तरी पुस्तकातली असेल, तिची तिच्या आईची असेल. रडू आलं तर जातं थांबवा, पाणी द्या, फोनला हात लावण्याआधी विचारा. "हे नको ठेवू" म्हणाली तर तेवढा भाग तिच्यासमोर पुसा. पाऊण तासावर बसवू नका. खांद्याला कळतं, पण ते दुसऱ्या दिवशी.

फोन बंद करायच्या आधी त्याच फाइलमध्ये बोलून ठेवा: तारीख, गाव, आजीचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव आणि ओव्या कुणाच्या तोंडून शिकली. माहेरचं गाव विसरू नका. ओव्या बाईबरोबर लग्नात सासरी येतात, त्यामुळे सातारकडची ओवी खानदेशात सापडू शकते, आणि माहेर लिहिलेलं नसेल तर ती खानदेशाची म्हणून नोंदली जाते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या पुण्याच्या संशोधकांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, तेव्हा ओवीला म्हणणारीचं नाव आणि गाव जोडलेलं होतं. आज 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्यातल्या ओव्या आवाजासकट ऐकता येतात. रेकॉर्डिंगला बसायच्या आधी तिथल्या चारदोन ऐकून घ्या. कान तयार होतो, आणि जात्याचा आवाज किती मागे असावा हेही कळतं.

उतरवून काढणं हे खरं चिकाटीचं काम. गायलेली ओवी आणि लिहिलेली ओवी एक नसते. नमुन्यासाठी एक रचून दाखवते:

सरलं दळण, कशी उठूनी मी जाऊ
मुराळी यायाचा, वाट जात्यापाशी पाहू

ही कागदावर दोन ओळींची. गाताना मात्र ती अशी ऐकू येईल: 'सरलं दळण, कशी उठूनी मी जाऊ गं बाई, कशी उठूनी मी जाऊ, मुराळी यायाचा, सरलं दळण…' आणि मग पुन्हा मागे वळून दुसरी ओळ. काही जणी पहिला तुकडा दोनदा घेतात, काही जणी दुसरी ओळ आधी. 'गं बाई', 'सांगते', 'बोलते' असे भरीचे शब्द श्वासाच्या जागी येतात. म्हणून वहीची दोन पानं समोरासमोर वापरा. डाव्या पानावर जसं ऐकलं तसं, आवर्तनांसकट. उजव्या पानावर नुसती ओवी. डावं पान गाळलं तर चाल हरवते, कारण पुढे कुणी ती म्हणायला घेतली तर कुठला तुकडा कितींदा हे कळणार नाही. एका मिनिटाच्या गाण्याला पंधरावीस मिनिटं धरून चाला.

शब्द शुद्ध करू नका. वरच्या ओवीत 'यायाचा' आहे. ते 'यायचा' केलं की व्याकरण सुधारतं आणि ओळ लंगडते. 'या-या-चा' या तीन पावलांवर जात्याचा फेरा बसतो, 'याय-चा' दोनच पावलांत संपतो, मग उरलेल्या जागेत सूर ओढावा लागतो. 'व्हती', 'पानी', 'लई', 'कवा' सगळं तसंच लिहा. अर्थ मात्र शेजारी टिपा आणि तो आजीलाच विचारा, अंदाजाने लिहू नका. ओवीतला राघू बहुतेक वेळा पोपट नसतो, तो मुलगा असतो. मैना म्हणजे लेक. बया म्हणजे आई. मुराळी म्हणजे सासरी गेलेल्या लेकीला माहेरी न्यायला येणारा, सहसा भाऊ. हे ठाऊक नसलं की 'राघू शाळेला निघाला' असं काहीतरी उतरवून लोक चक्रावतात.

फाइलचं नाव 'आजी नवीन फायनल २' असं ठेवू नका. तारीख, गाव, क्रमांक: २०२५-०१-१४_गाव_०१. मूळ वेव्ह फाइलला हात न लावता तिच्या तीन प्रती करा. एक संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर दुसऱ्या घरात, एक ऑनलाइन. नातेवाइकांना पाठवायला एमपीथ्री वेगळी काढा, १२८ केबीपीएसला मिनिटाला एक एमबीच्या आसपास बसते. पण घरच्या ग्रुपवर टाकायच्या आधी आजीला विचारा. त्या ग्रुपवर नणंदेची मुलं असतात, आणि चौथी ओवी नणंदेची असते.

उतरवलेलं पान आठवड्याभरात तिला वाचून दाखवा. मोठ्याने, सावकाश, एकेक ओवी. ती मध्येच थांबवेल: "असं नाही, त्याच्या आधी अजून एक होती." त्या वेळी जातं समोर नसलं तरी चालतं, तिचा हात मांडीवर फिरायला लागलेला दिसेल. म्हणून वाचून दाखवायला बसताना फोनचा रेकॉर्डर आधीच चालू करून गोधडीवर ठेवलेला असू द्या.